कवच नाकात गेलं तर काय होतं? उंदराऐवजी माणसाच्या नाकाच्या पेशींना विचारलेल्या प्रश्नाची गोष्ट

मामांची निफाडकडे द्राक्षबाग आहे आणि मी पुण्यात एका लॅबमध्ये पेशी वाढवायचं काम करते, त्यामुळे घरात औषधाबिषधाचा कुठलाही प्रश्न निघाला की तो फिरून फिरून माझ्या फोनवर येतो. मागच्या ऑक्टोबर छाटणीनंतर असाच आला. चार दिवस ढगाळ हवा, डाऊनीची म्हणजे द्राक्षावरच्या केवडा रोगाची भीती, म्हणून मामांनी कवच नावाचं बुरशीनाशक मारलं. तोंडाला नेहमीचा रुमाल, बाकी काही नाही. संध्याकाळी घसा खवखवायला लागला, नाक चुरचुरायला लागलं, मग फोन. "पोरी, हे औषध नाकातून रक्तात जातं का गं?"

मी म्हटलं बघून सांगते. टाळायला नाही म्हटलं, तर नेमक्या याच औषधाची एक केस मला माहीत होती, अमेरिकेतली, आणि ती माझ्या कामाच्या इतकी जवळची आहे की कधीतरी नीट लिहून काढायची होतीच. तीच लिहितेय.

आधी मामांच्या प्रश्नाबद्दल. "रक्तात जातं का" हा आमच्याकडे रोजचा प्रश्न आहे, फक्त तो इनहेलरच्या औषधांबद्दल असतो. पद्धत अशी की माणसाच्या नाकातल्या नाहीतर श्वासनळीतल्या पेशी घ्यायच्या, बऱ्याचदा ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्यातल्या, अर्थात संमती घेऊन, आणि त्या इन्सर्टमध्ये पेरायच्या. इन्सर्ट म्हणजे प्लास्टिकची इवलीशी वाटी, तळाला पातळ पडदा, पडद्याला ०.४ मायक्रॉनची भोकं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आतला व्यास साडेसहा मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणापेक्षाही लहान. सुरुवातीला वर आणि खाली दोन्हीकडे मीडियम म्हणजे पेशींचं पोषक द्रव असतं, पेशींनी पडदा भरला की वरचं मीडियम काढून घ्यायचं. आता पेशींना खालून खाऊ मिळतो आणि वरून हवा लागते, अगदी नाकात असतं तसं. तीन-चार आठवड्यांत, कधी त्याहून जास्त दिवसांत, त्याच पेशींमधून काहींना बारीक केस फुटतात म्हणजे सिलिया, काही शेंबूड बनवायला लागतात, काही खाली बसून नव्या पेशी तयार करत राहतात. पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली बघितलं तेव्हा मी पाच मिनिटं नुसती बघत बसले होते, कारण वाटीतला शेंबूड आपोआप गोल गोल फिरत होता, कोणी ढवळत नव्हतं.

स्वस्तातलं काम असेल तर कॅन्सरच्या पेशींची लाइन वापरतात, उदाहरणार्थ कॅलू-३, ती घट्ट थर देते, पण तिला खऱ्या नाकासारखी सगळ्या पेशींची सरमिसळ नसते.

मग शोषण मोजायचं म्हणजे औषध वरून टाकायचं आणि ठरावीक वेळाने खालच्या मीडियममधून थोडं थोडं काढून किती उतरलं ते बघायचं. ऐकायला चहा गाळण्याइतकं सोपं आहे, पण गाळणी फाटकी आहे का हे आधी कळलं पाहिजे. त्यासाठी टीईईआर मोजतात, म्हणजे पेशींच्या थराचा विजेला होणारा विरोध. थर घट्ट असेल तर आकडा शेकड्यांत, फाटला की धपकन खाली. मोजायला चॉपस्टिकसारखा दोन काड्यांचा इलेक्ट्रोड असतो, एक काडी वाटीच्या आत, दुसरी बाहेर. यात मी एकदा छान माती खाल्ली आहे. नवीन होते, हात थरथरत होता, आतल्या काडीचं टोक पेशींना लागलं, मला कळलंसुद्धा नाही, आणि त्या वाटीतून औषध इतकं भराभर खाली उतरलं की मी आनंदाने सिनियरला सांगायला गेले. त्यांनी वाटी उजेडात धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाल्या, "भोक आहे." तीन आठवड्यांची वाटी होती ती.

ही फाटकी वाटी लक्षात ठेवा, कारण पुढच्या केसमध्ये वाटी फाटते कधी हेच शोधायचं होतं.

कवच म्हणजे क्लोरोथॅलोनिल, ७५ टक्के डब्ल्यूपी (पाण्यात मिसळायची पावडर), सिंजेंटा कंपनीचं. हे जुनं बुरशीनाशक आहे, अमेरिकेत १९६६ मध्ये त्याची पहिली नोंदणी झाली, तीसुद्धा हिरवळीसाठी, मग बटाटा, भुईमूग, टोमॅटो, काय काय, रंगातसुद्धा बुरशी येऊ नये म्हणून घालतात. ते आंतरप्रवाही नाही, स्पर्शजन्य आहे, हे द्राक्षवाल्यांना सांगायला नको, पानावर जिथे पडलं तिथेच काम करतं. का, तर त्याचा रेणू ग्लुटाथायोनला, म्हणजे पेशीचं रक्षण करणाऱ्या एका गंधकवाल्या छोट्या रेणूला, आणि गंधक असलेल्या प्रथिनांना जाऊन चिकटतो आणि बुरशीच्या पेशीचा कारभार थांबतो. आता गंमत अशी की ग्लुटाथायोन माणसाच्या पेशीतही असतं. त्यामुळे ते नाकाच्या ओल्या अस्तरावर पडलं की तिथेही तोच प्रकार सुरू होतो, रक्तापर्यंत पोचायची वाट न बघता. म्हणजे मामांचा प्रश्नच थोडा चुकीच्या ठिकाणी होता. या औषधाबाबत पहिला प्रश्न किती शोषलं जातं हा नाही, जिथे टेकलं तिथे किती जाळलं हा आहे.

उंदरांच्या अभ्यासात हेच दिसलं होतं. क्लोरोथॅलोनिल हवेतून दिलं की नाक, स्वरयंत्र, श्वासमार्ग इथे इजा व्हायची, आणि वारंवार दिलं की सिलियावाल्या नाजूक पेशींच्या जागी चपट्या, कातडीसारख्या पेशी यायच्या. हाताला घट्टे पडतात ना, साधारण तसंच, पण घशाच्या आत. शरीर आपला बचाव करतं, पण घट्टा पडलेल्या जागेवर सिलिया नाहीत, मग कफ पुढे कोण ढकलणार.

आता केस. अमेरिकेत जुन्या कीडनाशकांचा ठरावीक काळाने फेरआढावा होतो, ते काम त्यांची पर्यावरण संस्था ईपीए करते. क्लोरोथॅलोनिलच्या आढाव्यात मुद्दा आला की श्वासातून होणाऱ्या धोक्यासाठी ९० दिवसांचा उंदरांचा अभ्यास पाहिजे. म्हणजे उंदरांना नळीत बसवून नाकासमोर औषधाची धूळ सोडायची, दिवसाला काही तास, तीन महिने, आणि शेवटी सगळे मारून त्यांचं नाक-घसा-फुप्फुस कापून बघायचं. सिंजेंटाने म्हटलं की हे करून नवीन काय कळणार, हे औषध जिथे पडतं तिथे जाळतं हे आधीच माहीत आहे, उरलेला प्रश्न माणसाचा आहे, तर माणसाच्या पेशींना विचारू. आता कंपनीला उंदरांचा कळवळा आला होता की पैशांचा हा प्रश्न मलाही पडला, खोटं कशाला बोला. पण मुद्दा मात्र खरा होता.

खरा कसा ते सांगते, कारण मला या केसमध्ये सगळ्यात आवडणारी गोष्ट इथेच आहे आणि ती वाटीत नाही, वाटीच्या बाहेर आहे.

उंदीर फक्त नाकाने श्वास घेतो, तोंडाने त्याला जमत नाही. मिनिटाला शंभरेक श्वास. त्याच्या नाकाच्या आत चकलीसारख्या वळ्या आहेत, आणि स्वरयंत्राच्या तोंडाशी हवा अशी वळते की तिथली एक छोटीशी जागा सगळा मार खाते. उंदराचं स्वरयंत्र त्यासाठी बदनामच आहे, जरा काही चुरचुरीत हवेत सोडलं की तिथे घट्टे पडलेले दिसतात. माणूस नाकाने घेतो, तोंडाने घेतो, पंप पाठीवर असला की हमखास तोंडाने घेतो, आणि त्याच्या घशाचा आकार सगळाच वेगळा.

त्यात उंदराला जी धूळ देतात ती मुद्दाम बारीक करतात, जेमतेम काही मायक्रॉनची, कारण त्याहून मोठी असेल तर ती आत जातच नाही. फवारणाऱ्या माणसासमोरचे बहुतेक थेंब मात्र एवढे बारीक नसतात. या केसमध्ये माणसासाठी धरलेला थेंबाचा आकार साधारण ३५ मायक्रॉन होता. एवढा थेंब फुप्फुसाच्या तळापर्यंत जातच नाही, नाकात, घशात, स्वरयंत्रापाशी आपटून तिथेच बसतो. म्हणजे उंदराचा अभ्यास बारीक धुळीचं, वेगळ्या घशातलं, वेगळ्या श्वासाचं उत्तर देणार आणि ते आपण आकड्यांनी गुणून-भागून माणसाला लावणार. नेहमीचा रिवाज तोच आहे, उंदरातून माणसात येताना १० पट सुरक्षा, माणसामाणसांतल्या फरकासाठी आणखी १० पट, झाले १००. रिवाज वाईट नाही, पण पहिले १० म्हणजे "आम्हाला माहीत नाही" याचं आकड्यातलं नाव आहे.

तर सिंजेंटाने काम दोन हातांनी केलं. एका हाताने वाटी. जिनिव्हाच्या एपिथेलिक्स या कंपनीच्या म्युसिलएअर नावाच्या तयार वाट्या मिळतात, वर सांगितल्या तशाच, नाकाच्या पेशींच्या, वेगवेगळ्या दात्यांच्या, वर्षभरसुद्धा जिवंत राहतात (आमच्या लॅबमध्ये तीन महिने टिकली तरी आम्ही पेढे वाटतो). त्यावर वाढत्या मात्रेत क्लोरोथॅलोनिल टाकून २४ तास ठेवलं. मग तीन गोष्टी मोजल्या. एक टीईईआर, म्हणजे थर अजून घट्ट आहे का. दुसरं एलडीएच, हे पेशीच्या आतलं एन्झाइम आहे, बाहेर सापडलं म्हणजे पेशी फुटली. तिसरं रेझाझुरिन, हा निळा रंग जिवंत पेशी गुलाबी करतात, निळाच राहिला तर आत कोणी नाही. तीन वेगळे साक्षीदार एकच गोष्ट सांगतात का ते बघायचं, आणि ज्या मात्रेपासून थर बिघडायला लागतो ती मात्रा गणिताने काढायची, तीही सावधपणे, अंदाजाच्या खालच्या टोकाची धरून.

आता नीट बघा, मात्रा कशात मोजली? प्रति चौरस सेंटिमीटर मिलिग्रॅममध्ये. वाटीचं क्षेत्रफळ माहीत आहे, ०.३३ चौरस सेंटिमीटर, टाकलेलं औषध माहीत आहे. याचा अर्थ "अस्तराच्या एका चौरस सेंटिमीटरवर एवढं बसलं तर ते बिघडतं" असं वाक्य हातात आलं.

दुसऱ्या हाताने कॉम्प्युटर. माणसाच्या नाका-तोंडापासून खालपर्यंतच्या मार्गाचं त्रिमितीय मॉडेल घ्यायचं आणि त्यात हवेचा प्रवाह सोडायचा, सीएफडी म्हणतात त्याला, विमानाच्या पंखाभोवतीची हवा ज्या गणिताने काढतात तेच. हवेत अमुक इतकं औषध आहे, थेंब अमुक मायक्रॉनचा आहे, तर नाकाच्या, घशाच्या, स्वरयंत्राच्या कुठल्या चौरस सेंटिमीटरवर किती बसेल याचं उत्तर ते देतं. तेही मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. झालं, दोन्ही हात एकमेकांत अडकले. वाटी सांगते किती बसलं तर बिघडतं, कॉम्प्युटर सांगतो तेवढं बसायला हवेत किती लागेल, मग कामाची पाळी किती तासांची ते धरून कामगारासाठी हवेतली मर्यादा निघते. उंदीर मध्ये आलाच नाही, आणि पेशी माणसाच्याच असल्यामुळे उंदरातून माणसात येण्याच्या त्या १० पटीची गरजही तेवढी उरत नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये ईपीएने हे सगळं आपल्या शास्त्रीय सल्लागार पॅनेलसमोर ठेवलं, खुली बैठक. अशा बैठकीत जे विचारलं जाणं बरोबर आहे ते प्रश्न कुठल्याही पेशीवाल्याला झोपेतही सुचतील. २४ तासांत एकदा टाकलेलं औषध महिनोन्‌महिने रोज होणाऱ्या फवारणीबद्दल काय सांगणार? नाकाच्या पेशी स्वरयंत्राच्या बदल्यात चालतील का? दाते किती घेतले, त्यात दमेकरी कोण, विड्या ओढणारा कोण? आणि माझा स्वतःचा आवडता, क्लोरोथॅलोनिल पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमसुद्धा विरघळत नाही, मग वाटीत वरून टाकलेलं द्रव म्हणजे खरं तर पाण्यात तरंगणारे कण, ते सगळे सारखे पसरले की एका कोपऱ्यात जाऊन बसले? नाकात थेंब पडतो आणि सिलिया त्याला ढकलून पुढे नेतात, शेवटी आपण तो गिळून टाकतो. वाटीत सिलिया ढकलतात, पण जाणार कुठे, साडेसहा मिलिमीटरच्या भिंतीला धडकून परत तिथेच. त्यामुळे वाटी थोडी जास्तच कडक शिक्षा देते, आणि धोक्याच्या हिशेबात ते मला चालतं, चुकायचं तर त्या बाजूने चुकावं. पण वाटीत ज्या गोष्टी मुळातच नाहीत, म्हणजे रक्तातून धावत येणाऱ्या पांढऱ्या पेशी, चुरचुरणाऱ्या नसा, खोकला, त्या बाजूने ती जास्तच सौम्यही असू शकते. दोन्ही एकाच वाटीत.

पुढे या पद्धतीत सुधारणा झाल्या, ईपीएने क्लोरोथॅलोनिलच्या श्वासाच्या धोक्याचं मूल्यमापन याच वाटेने केलं, ९० दिवसांचा तो उंदरांचा अभ्यास करावा लागला नाही, आणि २०२२ मध्ये ओईसीडीने, म्हणजे मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेने, ही केस इतर देशांना बघायला म्हणून छापली. दरम्यान सप्टेंबर २०१९ मध्ये ईपीएच्या तेव्हाच्या प्रमुखांनी, अँड्र्यू व्हीलर यांनी, सस्तन प्राण्यांवरच्या चाचण्यांची मागणी २०२५ पर्यंत ३० टक्क्यांनी कमी करायची असं पत्रक काढलं होतं, त्यामुळे वारं अनुकूल होतं.

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर मी अर्धवट बोलले असं होईल. ही केस चालू असतानाच युरोपियन युनियनने २०१९ मध्ये क्लोरोथॅलोनिलच्या परवानगीचं नूतनीकरण नाकारलं, आणि २०२० पासून स्वित्झर्लंडनेही ते बंद केलं, म्हणजे ज्या देशात सिंजेंटा आणि त्या वाट्या दोन्ही आहेत तिथेच. कारण नाक नव्हतं. कारण होतं जमिनीखालच्या पाण्यात उतरणारे त्याचे तुटके अंश आणि त्यांच्याबद्दलची शंका. नाकाच्या वाटीला विहिरीबद्दल विचारलंच नव्हतं, तर ती सांगणार कशी. कोणी "पेशींच्या टेस्टमध्ये पास झालंय" असं म्हणून तुम्हाला काही विकायला आलं तर कुठल्या प्रश्नात पास झालंय ते विचारा.

आपल्याकडे औषधांच्या, म्हणजे गोळ्या-इंजेक्शनच्या नियमांत मार्च २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन प्राण्यांऐवजी अशा पेशींच्या पद्धतींना जागा मिळाली. कीडनाशकांचा कायदा वेगळा, १९६८ चा. आणि आपला फवारणीवाला कसा असतो ते यवतमाळमध्ये २०१७ ला सगळ्या महाराष्ट्राने बघितलं, फवारणीच्या विषबाधेने २० हून जास्त माणसं गेली. ती औषधं वेगळी होती, थेट मज्जासंस्थेवर जाणारीही त्यात होती, तिथे "रक्तात जातं का" हाच प्रश्न बरोबर होता, आणि ते नाकाबरोबरच घामेजलेल्या कातडीतूनही जात होतं. एकाच टाकीत दोन-तीन औषधं मिसळलेली, वर माथ्याएवढी कपाशी. अशा मिश्रणाची वाटी कोणी लावलीय असं माझ्या बघण्यात नाही, आणि लावायला हवी ती हीच.

तर मामांना परत फोन केला. म्हटलं, मामा, रक्ताची काळजी नंतर करू, हे औषध आधी नाक आणि घसाच जाळतं, तुम्हाला संध्याकाळी जे झालं ते तेच आहे, डोळ्यांनाही वाईट, रुमालाने काही होत नाही, फिल्टरचा मास्क आणि गॉगल घ्या, आणि खोकला दोन दिवसांत गेला नाही तर डॉक्टरकडे जाताना डब्याचं लेबल बरोबर न्या. मग जरा कौतुकाने ती वाटी, तो कॉम्प्युटरमधला घसा, ते ३५ मायक्रॉन सगळं सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"३५ कुठल्या पंपाचा धरलाय त्यांनी?"

मी म्हटलं, म्हणजे?

"अगं पाठीवरच्या पंपाचा थेंब जाड पडतो. आपला ट्रॅक्टरचा ब्लोअर आहे, तो धुकं करतो. नोझल बदललं की थेंब बदलला. आणि दुपारच्या उन्हात तर तो हवेतच अर्धा होतो."

मी वहीत लिहून घेतलं. त्यांच्या ब्लोअरच्या नोझलचा फोटो मागवलाय, वर नंबर कोरलेला आहे म्हणे.